वर्णन एक, वाद्य दुसरे

नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या उभ्या राहतात आणि चैत्रातील यात्रा-जत्रांसाठी गावोगावचे कारभारी तेथे येऊन सुपाऱ्या देतात, म्हणून या गावाला तमाशाची पंढरी म्हटले जाते. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्या नावाने महाराष्ट्रभर पोचलेल्या या गावात फडाच्या मागोमाग वाद्यांचा व्यवहार ओघानेच येतो. ढोलकी, हलगी, तुणतुणे, झांज आणि पेटी ही जुनी वाद्ये, त्यांच्या जोडीला अलीकडचे कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड, यांतील बरेचसे एका हातातून दुसऱ्या हातात जाते. हा व्यवहार समोरासमोर होत असे तोवर त्याचा क्रम पारख आधी आणि पैसा नंतर असा होता. घेणारा पेटीचा भाता स्वतः ओढून पाही, ढोलकीवर थाप टाकून पाही आणि मगच भावाला बसे. ऑनलाइन लिलावाने हा क्रम उलटवला आहे. तेथे बोली आधी लागते, पैसे त्यानंतर जातात, आणि वाद्य कानांवर पडते ते सर्वांत शेवटी, खोके फोडल्यावर. त्यामुळे जी जागा पूर्वी कानाची होती ती आता विक्रेत्याने लिहिलेल्या चार ओळींनी घेतली आहे, आणि त्या ओळी चुकीच्या निघाल्या तर खरेदीदाराने काय करावे, हा जुन्नर-आंबेगाव भागातील वादकांपुढे, भजनी मंडळांपुढे आणि हौशी मंडळींपुढे येणारा प्रश्न आहे.

लिलाव म्हणजे ज्यात अनेक जण चढत्या क्रमाने किंमत सांगतात आणि सर्वांत मोठी बोली विक्रेता स्वीकारतो असा विक्रीप्रकार. भारतात त्याचे ऑनलाइन रूप २००० साली सुरू झालेल्या बाझी डॉट कॉमने लोकांच्या ओळखीचे केले. २००४ मध्ये ते ईबेने विकत घेतले आणि २०१८ मध्ये ईबेचे भारतातील संकेतस्थळ बंद झाले. त्यानंतर शुद्ध स्वरूपातील लिलाव येथे कमी उरला. आज ज्याला लोक लिलाव म्हणतात त्यात परदेशी लिलावस्थळे, जुन्या वस्तूंच्या विक्रीची संकेतस्थळे आणि ‘शेवटची बोली रात्री दहापर्यंत’ असे जाहीर करणारे समाजमाध्यमांवरील गट, अशी सगळी सरमिसळ असते. खरेदीदाराला वाटते की हे तिन्ही सारखेच आहेत; पण वाद उद्भवला की ते कायद्याच्या दृष्टीने फार वेगळे ठरतात, आणि हा फरक बोली लावण्यापूर्वीच लक्षात घेतलेला बरा.

कानाला खटकणे आणि वर्णन खोटे ठरणे

खरेदीदाराच्या मनातील नाराजी आणि कायद्याने ग्राह्य तक्रार यांत अंतर असते. वाद्य हाती आल्यावर ‘आवाजात दम नाही’ असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ‘गोड आवाजाची’, ‘मैफलीची’, ‘उस्तादांच्या पसंतीची’ ही विक्रेत्याची विशेषणे म्हणजे मालाची स्तुती असते, आणि तिच्यावर तक्रार उभी राहत नाही. याउलट ‘साडेतीन सप्तकी’, ‘जर्मन सूर’, ‘तिबेती’, ‘शिसमचे अखंड खोड’, ‘कोठेही तडा नाही’, ‘फक्त सहा महिने वापरलेला’ ही तपासून खरी किंवा खोटी ठरवता येण्याजोगी विधाने आहेत. वर्णनाशी न जुळणारा माल याचा अर्थ अशा विधानांपैकी एखादे खोटे ठरणे एवढाच आहे. म्हणून तक्रार करू इच्छिणाऱ्याने पहिले काम हे करावे की आपली नाराजी बाजूला ठेवून विक्रेत्याच्या वर्णनातील तपासण्याजोगी विधाने कागदावर उतरून काढावीत आणि प्रत्येकापुढे प्रत्यक्षात काय आढळले ते लिहावे. ज्या नाराजीला वर्णनात समोरचे वाक्य सापडत नाही ती तक्रारीत घालू नये, कारण दुबळा मुद्दा सबळ मुद्द्यालाही खाली ओढतो.

शिवाय खोटे वर्णन, वापराची झीज आणि वाहतुकीतील मोडतोड या तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. वापरलेल्या पेटीच्या पट्ट्यांवर बोटांच्या खुणा असणे ही झीज आहे आणि ती जुन्या वस्तूच्या किमतीत धरलेलीच असते. खोक्याचा कोपरा दबलेला असून आतील भाता त्याच बाजूला फाटला असेल, तर दावा वाहतूक करणाऱ्यावर किंवा बांधणीत हयगय करणाऱ्या विक्रेत्यावर जातो. तिन्ही गोष्टी एकाच पत्रात कालवल्या की विक्रेता सर्व दोष कुरिअरवर ढकलून मोकळा होतो.

पेटीची तपासणी

जुन्या वाद्यांत सर्वाधिक फसगत पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या, बाबतीत होण्याचा संभव असतो, कारण तिचे मोल ज्या भागावर ठरते तो भाग झाकणाखाली असतो. पॅरिसच्या अलेक्झांडर देबेनने १८४० च्या दशकात या वाद्याचे पेटंट घेतले, आणि पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी त्याला हाताने भाता ओढण्याचे, मांडी घालून वाजवण्याचे रूप दिले. या इतिहासामुळेच परदेशी बनावटीच्या सुरांना, म्हणजे फुंकरीने कंप पावणाऱ्या पितळी जिभांना, आजही चढा भाव मिळतो आणि गुजरातमधील पालिताण्याचे सूर बसवलेली पेटी ‘जर्मन सुरांची’ म्हणून विकण्याचा मोह होतो. पालिताण्याचे सूर वाईट असतात असे मुळीच नाही. अनेक उत्तम पेट्या त्यांच्यावर चालतात. प्रश्न फक्त सांगितले एक आणि दिले दुसरे एवढाच आहे.

तपासणी वाद्याला धक्का न लावता व्हावी. प्रथम सर्व खुंट्या, म्हणजे हवा सोडणारी समोरची बटणे, बंद ठेवून भाता भरावा आणि हात सोडावा. कोणतीही पट्टी न दाबता भाता झपाट्याने बसत असेल तर कोठेतरी हवा गळते. मग खुंट्या उघडून पुन्हा भाता भरावा. पट्टी न दाबता एखादा सूर वाजत राहिला, तर त्या पट्टीखालची झडप नीट बसत नाही. यानंतर प्रत्येक पट्टी एकेका खुंटीवर स्वतंत्र वाजवावी. खर्ज, नर आणि मादी असे सुरांचे तीन संच सांगितलेले असतील, म्हणजेच पेटी तिबेती असेल, तर तिन्ही संच वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत. दोनच ऐकू येत असतील तर पेटी दुबेती आहे आणि वर्णन खोटे आहे, यात मताचा प्रश्न उरत नाही. ‘स्केल चेंजर’ सांगितला असेल, म्हणजे पट्ट्यांचा पट सरकवून षड्ज बदलण्याची सोय, तर प्रत्येक खाचेत पट सरकवून पाहावा. कपलर, म्हणजे एक पट्टी दाबली असता सप्तकाने वरची किंवा खालची पट्टी आपोआप दाबणारी जोडणी, सगळ्या पट्ट्यांवर चालते की मधल्या सप्तकातच, हेही पाहावे.

सुरांच्या जुळणीबाबत अधिक काळजी हवी. फोनवरील स्वरमापक प्रत्येक स्वराची कंपनसंख्या आणि तिचा फरक सेंटमध्ये दाखवतो. सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराचा शंभरावा भाग. आज पांढरी सहाची कंपनसंख्या ४४० धरण्याचा प्रघात आहे आणि तो १९३९ च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत सर्वमान्य झाला. त्याआधी फ्रान्समध्ये १८५९ पासून ४३५ हे प्रमाण होते. म्हणून खरोखरच्या जुन्या फ्रेंच सुरांची पेटी सगळीकडे सारखीच सुमारे वीस सेंट उतरलेली आढळली, तर तो दोष समजू नये. उलट ती तिच्या वयाची साक्षच मानता येईल. एकाच सप्तकातील एक पट्टी दहा सेंट चढी आणि शेजारची पंचवीस सेंट उतरलेली असेल तर मात्र पेटी बेसूर आहे, आणि वर्णनात ‘सुरात लावलेली’ असे लिहिले असल्यास ते खोटे आहे. प्रत्येक पट्टीचा आकडा लिहून ठेवलेला एक साधा तक्ता, तपासणीची तारीख आणि वेळ टाकून, दहा पानांच्या पत्रापेक्षा अधिक काम करतो.

वरचे झाकण उघडून सुरांचे छायाचित्र घेण्यास हरकत नाही, परंतु स्क्रू फिरवून सूर काढू नयेत. छायाचित्रात दोन गोष्टी दिसाव्यात: सुरांवरील ठसा, आणि जिभांवरील कानशीच्या खुणा. जिभेच्या टोकाला घासले की स्वर चढतो आणि मुळाशी घासले की उतरतो, हे पेटी दुरुस्त करणाऱ्याला ठाऊक असते. दोन्हीकडे खोल घासलेल्या जिभा म्हणजे पेटी अनेकदा लावली गेली आहे, आणि ‘न उघडलेली’ हे वर्णन मग टिकत नाही.

ढोलकी, यंत्रे आणि दुर्बिणी

ढोलकीच्या बाबतीत वाद बहुधा लाकडावर आणि तड्यावर असतो. आंब्याच्या हलक्या खोडाला गडद पॉलिश देऊन ते शिसम किंवा खैर म्हणून विकता येते, आणि भुसा व गोंद भरून बुजवलेला तडा बाहेरून दिसत नाही, पण पुडी उतरवून आत उजेड टाकला की तो लगेच ओळखू येतो. अडचण अशी की पुडी उतरवणे हेच वाद्याची स्थिती बदलणारे कृत्य आहे, म्हणून बोली लावण्यापूर्वीच विक्रेत्याकडून पुडी उतरवलेल्या अवस्थेतील आतील बाजूचे छायाचित्र आणि किलोतील वजन लेखी मागून घ्यावे. विक्रेत्याने ते देण्याचे टाळले तर ते टाळणेही संदेशांत नोंदले जाते. ढोलकी ‘काळी एकला चढते’ असे लिहिले असेल तर बोल्ट एकदम न आवळता, व्हिडिओ चालू ठेवून, थोडे थोडे आवळत जावे. पुडी फाटली तर ती कोणामुळे फाटली याचा वाद व्हिडिओविना सुटत नाही. हलगी आणि तुणतुणे यांची किंमत सहसा एवढी नसते की त्यांच्यासाठी ही सगळी यातायात करावी.

कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडवर उत्पादकाचा अनुक्रमांक असतो. तो वर्णनातील क्रमांकाशी जुळवावा, आणि खरवडलेला आढळला तर वाद्य चोरीचे असण्याची शक्यता धरावी. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १४ नुसार विक्रेत्याला माल विकण्याचा अधिकार आहे ही शर्त प्रत्येक विक्रीत गृहीत धरली जाते. ज्याच्याकडे मालकी नाही त्याच्याकडून ती घेणाऱ्यालाही सामान्यतः मिळत नाही, त्यामुळे अशा वस्तूची ‘स्वस्तात मिळाली’ म्हणून वाच्यता न करता पोलिसांकडे जाणे शहाणपणाचे.

वाद्यांबाहेरचे एक उदाहरण या भागात अप्रस्तुत ठरू नये. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप ही महादुर्बीण आहे, आणि २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तेथील प्रदर्शन पाहून आलेल्या मुलांना आपलीही एक दुर्बीण हवीशी वाटते. जुन्या दुर्बिणींच्या जाहिरातीत ‘चारशे पट, पाचशे पट मोठे दिसते’ असे लिहिलेले असते. पण दुर्बिणीची उपयुक्त विशालनक्षमता साधारणपणे तिच्या भिंगाच्या मिलिमीटरमधील व्यासाच्या दुपटीपर्यंतच जाते, म्हणजे ६० मिलिमीटरच्या भिंगाला सुमारे १२० पट. येथेही मोजता येणारे विधान कोणते, हाच प्रश्न आधी विचारावा.

एक बाब मात्र तक्रारीच्या कक्षेतच येत नाही. जुन्या सतारी-तंबोऱ्यांवर हस्तिदंताचे किंवा सांबरशिंगाचे भाग आढळतात, आणि दिमडीसारखी वाद्ये पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवली जात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली अशा वस्तूंच्या खरेदी-विक्रीवर बंदी आहे. वर्णनात ‘अस्सल हस्तिदंत’ लिहिलेले वाद्य घेऊ नये, आणि ते नकळत आलेच असेल तर परत पाठवण्याच्या खटपटीत पडण्याआधी जुन्नर वनविभागाच्या कार्यालयात कळवावे. हा विभाग लोकांना बिबट्यांमुळे माहीत असला तरी हेही काम त्याचेच आहे.

पहिल्या दोन दिवसांत

तक्रारीचे भवितव्य बहुतेक वेळा खोके उघडल्यापासूनच्या पहिल्या दोन दिवसांत ठरते. खोके उघडतानाचा व्हिडिओ चिठ्ठीवरील पत्त्यापासून सुरू व्हावा आणि मध्ये न थांबवता वाद्य वाजवून दाखवण्यापर्यंत चालावा. विक्रेत्याचे मूळ वर्णन, छायाचित्रे, बोलीचा इतिहास आणि संदेश यांचे स्क्रीनशॉट तारखेसह जतन करावेत, कारण लिलाव संपल्यावर वर्णन बदलले किंवा काढून टाकले जाऊ शकते. खोके आणि आतील भर फेकू नये.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे तपासणीपलीकडे वाद्यात काहीही फेरफार करू नये. मालविक्री अधिनियमाच्या कलम ४२ नुसार खरेदीदाराने विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत असे काही कृत्य केले, किंवा नाकारत असल्याचे न कळवता वाजवी काळाहून अधिक काळ माल जवळ ठेवला, तर त्याने तो स्वीकारला असे मानले जाते. आणि एकदा स्वीकार झाला की कलम १३ नुसार साधारणतः सौदा मोडण्याचा हक्क जाऊन केवळ नुकसानभरपाईचा उरतो. पेटी दुरुस्तीला टाकणे किंवा ढोलकीला नवी पुडी चढवणे हे असेच कृत्य ठरू शकते. फडातील वादकांची खरी कोंडी येथेच होते. दसऱ्याला फड बाहेर पडायचा असतो, चैत्रात एकेका रात्रीची सुपारी ठरलेली असते, आणि हातात आलेले वाद्य सदोष असले तरी त्या रात्री तेच वाजवावे लागते. अशा वेळी निदान वाजवण्यापूर्वी विक्रेत्याला लेखी कळवावे, आणि सौदा मोडण्याचा आग्रह न धरता किमतीतील फरकाची मागणी करावी. कलम ५९ मध्ये ती सोय आहे. हंगामासाठीचे वाद्य हंगामाच्या तोंडावर लिलावात घेऊ नये, असे स्पष्टच सांगितले पाहिजे.

विक्रेत्याला पाठवायचे पत्र लहान आणि कोरडे असावे. त्याचा मजकूर पुढीलप्रमाणे ठेवता येईल: ‘आपल्या दिनांक … च्या वर्णनात पेटी तिबेती व जर्मन सुरांची असल्याचे नमूद आहे. दिनांक … रोजी मिळालेल्या पेटीत सुरांचे दोनच संच असून सुरांवर जर्मन बनावटीचा कोणताही ठसा नाही. व्हिडिओ व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. माल वर्णनाशी जुळत नसल्याने तो नाकारण्यात येत आहे. सात दिवसांत पूर्ण रक्कम परत करून पेटी आपल्या खर्चाने घेऊन जावी.’ यात ‘फसवणूक’, ‘चोर’, ‘पोलिसांत देतो’ असे शब्द नसावेत. अजाणता झालेली चूक असेल तर ते अनावश्यक दुखावतात आणि मुद्दाम केलेली लबाडी असेल तर विक्रेत्याला सावध करतात. पत्र संकेतस्थळाच्या संदेशपेटीतूनच पाठवावे, फोनवर बोलणे झाले तरी त्याचा सारांश लगेच तेथे लिहून टाकावा. कलम ४३ नुसार नाकारलेला माल स्वतः परत पाठवण्याचे बंधन सामान्यतः खरेदीदारावर नसते, नाकारल्याचे कळवणे पुरेसे असते. म्हणून पैसे परत येण्यापूर्वी स्वखर्चाने पेटी रवाना करण्याची घाई करू नये. मात्र लिलावस्थळाच्या स्वतःच्या हमी योजनेत ठरावीक मुदतीत परत पाठवण्याची अट असेल तर ती पाळावी, आणि विमा उतरवूनच पाठवावे.

स्थानिक कारागिराचे मत जोडल्याने पत्राला वजन येते. त्या कारागिराने वाद्य न उघडता किंवा व्हिडिओ चालू असताना पाहून, काय आढळले आणि ते वर्णनाप्रमाणे करण्यास किती खर्च येईल, एवढेच दोन-चार ओळींत तारखेसह लिहून द्यावे. ‘फसवले आहे’ हा निष्कर्ष त्याने काढू नये. तो काढण्याचे काम दुसऱ्यांचे आहे.

विक्रेता कोण, यावर कायदा ठरतो

मालविक्री अधिनियमाचे कलम १५ असे सांगते की वर्णनावरून विक्री झाली असेल तर माल वर्णनाशी जुळला पाहिजे ही शर्त त्यात अध्याहृत असते, म्हणजे न लिहिताही धरलेली असते. ही शर्त दुकानदाराला लागू आहे तशीच घरातली पेटी विकणाऱ्या खासगी माणसालाही लागू आहे. ‘जशी आहे तशी’ असे लिहून विक्रेता झिजेची आणि किरकोळ दोषांची जबाबदारी झटकू शकतो, परंतु त्या तीन शब्दांनी खोटे विधान खरे होत नाही. करार अधिनियम, १८७२ नुसार कपटाने किंवा चुकीच्या निवेदनाने मिळवलेली संमती रद्द करण्याचा पर्याय खरेदीदाराला राहतो. त्याच अधिनियमाच्या कलम १९ मध्ये विक्रेत्याच्या बाजूचाही एक अपवाद आहे. निवेदन चुकीचे असले, पण खरेदीदाराला साध्या दक्षतेने सत्य कळण्याजोगे होते, तर त्याला करार मोडता येत नाही. छायाचित्रात तडा स्पष्ट दिसत असताना बोली लावणाऱ्याला याचा फटका बसू शकतो.

ग्राहक कायद्याची वाट मात्र विक्रेता व्यावसायिक असेल तरच सुकर होते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार ऑनलाइन बाजारपेठेवरील विक्रेत्याला, माल सदोष असेल किंवा जाहिरातीतील गुणधर्मांशी जुळत नसेल, तर तो परत घेण्यास नकार देता येत नाही. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि एका महिन्यात तिचे निराकरण करावे, आणि खरेदीनंतर लेखी मागणी केल्यास विक्रेत्याचा पत्ता व संपर्काची माहिती द्यावी, असेही हे नियम सांगतात. ही शेवटची तरतूद फारशी कोणी वापरत नाही, आणि नेमकी तीच सर्वांत उपयोगाची आहे. परंतु नियमित व्यवसाय म्हणून नव्हे तर वैयक्तिक स्वरूपात आपली जुनी वस्तू विकणाऱ्या व्यक्तीला हे नियम लागू होत नाहीत. म्हणून विक्रेत्याच्या पूर्वीच्या विक्रीची यादी पाहून ठेवावी. वर्षभरात वीस पेट्या विकणारा ‘घरगुती विक्रेता’ घरगुती नसतो, आणि त्या यादीचा स्क्रीनशॉट हा पुरावा आहे. संकेतस्थळालाही पूर्णपणे हात वर करता येत नाहीत, कारण ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये इलेक्ट्रॉनिक सेवा पुरवठादाराची व्याख्या करताना ऑनलाइन लिलावस्थळांचा उल्लेख नावाने केलेला आहे.

खरेदीदार ‘ग्राहक’ आहे की नाही, हाही प्रश्न उपस्थित होतो. व्यापारी कारणासाठी घेतलेला माल या कायद्याबाहेर जातो, पण स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या वस्तूला ‘व्यापारी’ म्हटले जात नाही. स्वतः वाजवून पोट भरणारा ढोलकीवादक त्यामुळे ग्राहक ठरतो. मोठा फड चालवणाऱ्या मालकाने फडासाठी घेतलेल्या वाद्यांबाबत मात्र वाद घातला जाऊ शकतो. भजनी मंडळाने पावती कोणाच्या नावाने घ्यावी, हे आधीच ठरवावे. नोंदणी नसलेल्या मंडळाच्या नावापेक्षा एका सदस्याच्या नावाने घेतलेली पावती पुढे कमी त्रासाची ठरते.

लिलावाचा एक खास दोष वेगळा सांगितला पाहिजे. विक्रेता स्वतः किंवा आपल्या माणसाकरवी खोट्या बोल्या लावून भाव चढवत असेल, तर मालविक्री अधिनियमाच्या कलम ६४ नुसार ती विक्री रद्द करण्याचा पर्याय खरेदीदाराला मिळतो. एकाच विक्रेत्याच्या प्रत्येक लिलावात तेच एक-दोन खाते बोली चढवते आणि कधीही जिंकत नाही, असे बोलीच्या इतिहासात दिसले तर ते जतन करून ठेवावे.

पैसे घेऊन विक्रेता नाहीसाच झाला किंवा खोक्यातून वाद्याऐवजी विटा निघाल्या, तर प्रकरण चुकीच्या वर्णनाचे राहत नाही. तेव्हा सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण पैसे गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते, आणि पोलिसांत फिर्याद द्यावी. ठकवणुकीची तरतूद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे.

किती मागावे आणि कोठे जावे

तडजोड कमीपणाची समजू नये. समजा, २८,००० रुपयांना घेतलेली ‘तिबेती’ पेटी प्रत्यक्षात दुबेती निघाली आणि तशा पेटीचा चालू भाव १८,००० आहे. वादकाला ती एरवी आवडली असेल तर १०,००० रुपये परत घेऊन पेटी ठेवणे हा दोघांच्याही सोयीचा मार्ग आहे, कारण पेटी परत नेण्याचा खर्च आणि वाटेतील जोखीम विक्रेत्यालाही नको असते. अशी तडजोड झाल्यास ती लेखी करावी आणि पैसे खात्यात आल्याशिवाय संकेतस्थळावरील तक्रार मागे घेऊ नये. एकदा बंद केलेली तक्रार अनेक ठिकाणी पुन्हा उघडता येत नाही. वाईट अभिप्राय लिहिण्याची धमकी देऊन पैसे मागू नयेत, त्याने खरेदीदाराचीच बाजू मलिन होते.

तडजोड न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. हेल्पलाइन निवाडा देत नाही, ती कंपनीशी संपर्क साधून देते. त्यापुढची पायरी म्हणजे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. २०१९ च्या कायद्याने केलेला मोठा बदल असा की तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीचा असो वा कोलकात्याचा, नारायणगाव, मंचर किंवा ओतूरच्या खरेदीदाराला पुण्याचा आयोग पुरेसा आहे. वकील नेमणे सक्तीचे नाही, तक्रार ऑनलाइन दाखल करता येते, आणि दोन्ही बाजू राजी असतील तर आयोग प्रकरण मध्यस्थीकडेही पाठवू शकतो. ग्राहक चळवळीची एक मोठी परंपरा पुण्यातूनच उभी राहिली आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये येथे ग्राहक पंचायतीची सुरुवात केली, आणि तक्रारीचा मसुदा करताना अशा संघटनांच्या कार्यकर्त्यांची मदत घेण्यात संकोच बाळगू नये.

खासगी विक्रेत्याविरुद्ध मात्र बहुधा जुन्नर किंवा घोडेगाव येथील दिवाणी न्यायालयाचाच मार्ग उरतो, तोही व्यवहाराचा काही भाग त्या हद्दीत घडला असेल तर. आणि संगणकीय अभिलेख तेथे पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते. आठ-दहा हजारांच्या ढोलकीसाठी हा मार्ग परवडत नाही, हे मान्य करावे लागते. अशा खरेदीत बोलीची मर्यादा ठरवताना ‘हे पैसे बुडाले तरी चालतील का’ हा प्रश्न आधी विचारावा, आणि उत्तर नकारार्थी असेल तर एसटीचे तिकीट काढून वाद्य प्रत्यक्ष वाजवून पाहावे. परदेशी लिलावस्थळावरून घेताना याखेरीज सीमाशुल्क आणि परतीच्या टपालाचा खर्च वाढतो, त्यामुळे तेथे कायद्यापेक्षा त्या स्थळाची हमी योजना आणि क्रेडिट कार्डाच्या बँकेकडे रक्कम परत मागण्याची सोय यांवरच भिस्त ठेवावी. दोन्हींच्या मुदती छोट्या असतात आणि त्या बोलीपूर्वी वाचून ठेवाव्यात.

व्यावसायिक विक्रेत्याविरुद्धची तक्रार, मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर, जिल्हा आयोगात विनाशुल्क दाखल होते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल केलेली असली पाहिजे.